रिमोटच्या रणगाड्यात पंखा बसवायचाय? आधी वाऱ्याला वाट करून द्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १:१६ मापाचा टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल आहे. चाकांभोवती फिरणारे प्लास्टिकचे ट्रॅक काढून धातूचे घातलेत आणि जुन्या ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीच्या जागी दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) टाकलीत. तेव्हापासून दहा-बारा मिनिटं चालवलं की गाडी मध्येच गप्प होते. पाच मिनिटं तशीच ठेवली की पुन्हा चालू होते. डेक, म्हणजे बॉडीचा वरचा भाग, हाताला गरम लागतो, उघडल्यावर जळकट वास येतो. म्हणून मागच्या जाळीखाली ४० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा बसवायचं मनात आहे, आणि हवा आत ढकलावी की बाहेर काढावी एवढंच तुम्हाला विचारायचंय.

बाहेर काढा. १२ व्होल्टचा पंखा घेऊ नका. आणि कापाकापी सुरू करण्याआधी ट्रॅक सैल करून एकदा चालवून बघा. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण पुढचं वाचाल तर बरं, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये मी हे वारंवार पाहिलंय: पंखा छान गरगरत असतो आणि मोटर तरीही भाजत असते.

सुरुवात एका शंकेपासून. गाडी उष्णतेनेच थांबते याची खात्री केलीत का? लिपोवर चालणारे बरेच बोर्ड (मोटरी चालवणारी सर्किटं) बॅटरीचा व्होल्टेज ६ ते ६.५ च्या आसपास उतरला की मोटर बंद करतात. बॅटरी दमलेली असेल, किंवा कनेक्टर सैल असेल, तर जोरात वळताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतो, बोर्ड हात वर करतो, आणि थोड्या वेळाने बॅटरी सावरली की गाडी पुन्हा पळायला लागते. लक्षण हुबेहूब तेच. तेव्हा मल्टिमीटरच्या वायरी बॅटरीला जोडून बाहेर काढा, गाडी चालवा, आणि थांबते त्या क्षणी आकडा वाचा. सात-साडेसातच्या वर असेल तर उष्णता. सहाच्या घरात असेल तर पंख्याचा इथे काही संबंध नाही, बॅटरी आणि कनेक्टर बघा. जळकट वास येतोय म्हणता, त्यामुळे तुमच्या बाबतीत उष्णतेवरच माझा संशय जास्त आहे. तरी दोन मिनिटांची ही तपासणी करूनच पुढे जा.

आता उष्णता आहे असं धरू. लोक समजतात की पंखा लावला म्हणजे थंड होणार. पंखा थंड करत नाही. तो फक्त हमाल आहे: आतली गरम हवा उचलून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी बाहेरची येऊ देतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतलं काही थंड होण्याची शक्यताच नाही. आणि हमालाला दारच नसेल तर तो आतल्या आत पिंगा घालत राहतो. बंद बॉडीत पंखा लावला की तीच गरम हवा मोटरवरून बोर्डावर आणि बोर्डावरून बॅटरीवर फिरते, वर पंख्याच्या मोटरची थोडी उष्णता तिच्यात पडते ती वेगळीच.

किती हवा लागते याचा अंदाज बांधणं अवघड नाही. तुमच्या दोन मोटरी मिळून सरासरी तीन अँपिअर घेत असतील तर ७.४ व्होल्टला साधारण २२ वॅट झाले. यातला निम्मा भाग मोटरीतच उष्णता होऊन राहतो, बाकीचा बराचसा गिअरबॉक्सच्या घर्षणात, काही बोर्डात. जोरकस चालवलंत तर बॉडीच्या आत सरासरी २० वॅट उष्णता साठते असं धरून चाला. आतली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त १० अंशांनी गरम राहावी असं वाटत असेल तर ती २० वॅट उष्णता बाहेर न्यायला दर सेकंदाला साधारण पावणेदोन लिटर हवा बदलावी लागते. १:१६ च्या बॉडीत सामान सोडून जेमतेम तीन-चार लिटर हवा मावते. म्हणजे दर दोन सेकंदांनी आतली सगळी हवा नवी. ४० मिलिमीटरचा बरा पंखा मोकळ्या हवेत यापेक्षा जास्त ओढतो, पण जाळी, वळणं आणि अडचणीतून ओढायला लागला की त्याचं बळ निम्म्यावर येतं. तरी निभतं. उष्णता २० च्या जागी ५० वॅट असेल तर मात्र कुठलाच छोटा पंखा पुरा पडणार नाही. म्हणून मी आधी उष्णता कमी करायच्या मागे लागतो.

ती कुठे तयार होते बघा. मोटरच्या तारांमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. चाकाची गाडी वळते तेव्हा पुढची चाकं तिरकी होतात आणि झालं. रणगाडा वळतो तेव्हा आपले ट्रॅक जमिनीवर आडवे घासत, खरवडत फिरवतो. माझ्या स्वतःच्या गाडीवर मीटर लावून पाहिलं होतं: सपाट फरशीवर सरळ चालताना दोन अँपिअरच्या आसपास, आणि त्याच बॅटरीवर जाड गालिच्यावर जागच्या जागी गोल फिरवली तर आठपर्यंत. चौपट करंट म्हणजे तारांमध्ये सोळापट उष्णता. धातूचे ट्रॅक वजनदार, त्यांची पकड जास्त, लिपोचा व्होल्टेज भरलेला असताना ८.४, आणि ती करंट द्यायला जराही कुरकुरत नाही. तुमच्या गाडीत बदललेल्या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतायत.

वर मोटर तापली की ती आणखी तापण्याची सोय स्वतःच करते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो आणि या मोटरींमधलं फेराइट चुंबक दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने दुबळं होतं. ६० अंशांनी तापलेल्या मोटरीत रोध जवळजवळ पाव पट वाढलेला असतो आणि चुंबक दहा-बारा टक्के ढिलं पडलेलं असतं. तेवढंच ओढायला तिला जास्त करंट लागतो, जास्त करंटने ती जास्त तापते. पहिली आठ मिनिटं काही वाटत नाही आणि नंतरच्या दोन मिनिटांत सगळं हाताबाहेर जातं, त्यामागे हेच आहे.

तर पहिलं काम ट्रॅक. टायगरला ट्रॅकचा वरचा भाग पेलणारे परतीचे रोलर नाहीतच, ट्रॅक त्या मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या चाकांवर विसावतो. खऱ्या टायगरचे फोटो बघा, ट्रॅक चाकांवर सैल पडलेला दिसतो. नवीन धातूचे ट्रॅक घातले की लोक ते निसटू नयेत म्हणून मागचं चाक ओढून तंबोऱ्याच्या तारेसारखे ताणतात. बोटाने वाजवलं तर टण् आवाज यावा इतके. मग प्रत्येक चाकाच्या आसावर तो ताण चोवीस तास बसलेला असतो, गाडी उभी असतानाही. मी मधल्या चाकावर ट्रॅक दोन बोटांनी वर उचलून बघतो, पाच-सहा मिलिमीटर सहज उचलला गेला पाहिजे. नसेल तर मागचं चाक एक खाच पुढे घ्या, किंवा एक कडी वाढवा. कडी जोडताना पिनेला ठोकून ठोकून कडक केली असेल तर तीही बघा. हातात धरलेला ट्रॅक आपल्या वजनाने लोंबला पाहिजे, दोन कड्यांमध्ये काटकोनात अडकून राहता कामा नये.

मग गाडी उलटी करा, ट्रॅक काढून ठेवा आणि एकेक चाक बोटाने फिरवा. परवा एकाची गाडी आली होती, तक्रार तुमचीच. डाव्या बाजूच्या तिसऱ्या चाकाच्या मागे आसाला गालिच्याचे तंतू आणि लांब केस इतके घट्ट गुंडाळलेले होते की चिमट्याने निघेनात, ब्लेडने कापून काढावे लागले. काढल्यावर काजूच्या आकाराचा गोळा निघाला. त्या माणसाचे दोन पंखे लावून झाले होते.

गिअरबॉक्समध्ये ग्रीस सुकून मेणासारखं झालं असेल तर पुसून नवं लावा, पण कोंबू नका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त घुसळण. मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक मोठ्या चाकात दाबून बसवलेलं नको, पातळ कागदाची पट्टी दोघांमधून फिरून चुरगळून बाहेर यावी इतकी फट हवी. गाडीला वेगवान गिअरबॉक्स असेल आणि तुम्हाला खऱ्या रणगाड्यासारखं सावकाश चालवायचं असेल, तर जास्त रिडक्शनचा, म्हणजे मोटरचा वेग जास्त घटवणारा, गिअरबॉक्स हा कुठल्याही पंख्यापेक्षा उत्तम उपाय. वेग जातो, करंट उतरतो.

हे सगळं करून पुन्हा चालवा आणि मोजा. लेझर थर्मामीटर असेल तर मोटरच्या चकचकीत डब्यावर थेट रोखू नका, चमकदार धातूवर तो खरं तापमान असतं त्यापेक्षा बरंच कमी दाखवतो. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा. नसेल तर बोट: पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक, ठेवताच झटकन मागे घ्यावं लागलं तर डबा साठ अंशांच्या वर गेलाय आणि आतली गुंडाळी त्याहून बरीच गरम आहे. मोटर, बोर्डावरची हीटसिंक (उष्णता पसरवणारी धातूची पट्टी) आणि बॅटरी तिन्ही तपासा. लिपो साठच्या आसपास कधीच जाऊ देऊ नका. ती कोमट लागली तरी मी थांबतो.

माझ्या अनुभवात निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात. तुमची झाली नाही, किंवा तुम्हाला वाळू-गवतावर चालवायचीच असेल, तर पंखा जरूर लावा. आता त्याचं बोलू.

रणगाड्याची बॉडी आणि हवेचा रस्ता या बाबतीत मॉडेल-मॉडेलमध्ये फार फरक पडतो. खऱ्या टायगरचं इंजिन मागे आणि गिअर पुढे. आपल्या मॉडेलमध्ये ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, स्प्रॉकेट, पुढे म्हणून गिअरबॉक्स पुढे, आणि मोटरी त्यालाच चिकटलेल्या, म्हणजे त्याही पुढे. मागच्या डेकखाली, जिथे खऱ्या गाडीचं इंजिन असतं, तिथे आपल्याकडे धुराचं यंत्र आणि स्पीकर. म्हणजे तुमची भट्टी नाकाशी आणि धुराडं शेपटीशी. मागच्या जाळीखाली पंखा लावून हवा आत ढकलली तर ती मागेच घुटमळते, मोटरीपर्यंत पोचत नाही. ओढून घेतली तर मात्र जिथून आत यायची वाट ठेवाल तिथून ती येते. वाट पुढे ठेवलीत की ती मोटरींवरून, मग मधल्या बोर्डावरून, मग मागून बाहेर असा सगळा डबा धुऊन जाते. म्हणून बाहेर काढा म्हटलं. टी-३४ चं मॉडेल असतं तर मोटरी मागे असत्या आणि काम सोपं झालं असतं. खऱ्या टी-३४ मध्येही हीच युक्ती आहे: इंजिनाच्या फ्लायव्हीलवर बसवलेला मोठा पंखा दोन्ही बाजूंच्या रेडिएटरवरून हवा ओढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. पँथर किंवा लेपर्ड २ असेल तर डेकवरच्या गोल जाळ्या पंख्यांच्याच आहेत, त्याखाली पंखा लावला की दिसायलाही शोभतं. टायगरच्या चौकोनी जाळ्यांना तेवढं सुख नाही.

मॉडेलच्या डेकवरची जाळी ही कित्येकदा जाळी नसतेच, तो नुसता उठावाचा नक्षीकामाचा पत्रा असतो, खाली घट्ट प्लास्टिक. पालथं करून उजेडाकडे धरा. आरपार उजेड दिसला नाही तर हवाही जाणार नाही. मग खालचं प्लास्टिक कापून बारीक धातूची जाळी चिकटवावी लागेल.

आत यायची वाट किती मोठी हवी? निदान पंख्याच्या तोंडाइतकी तरी. ४० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड, मधला गोटा वजा करून, साडेसात चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. पाच मिलिमीटर व्यासाचं एक भोक म्हणजे जेमतेम ०.२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तशी अडतीस भोकं. आणि त्यावर धूळ अडवायला बारीक जाळी लावलीत की निम्मी जागा तारांनीच खाल्ली, मग पंचाहत्तर. लोक तळाला चार भोकं पाडतात आणि पंखा काम करत नाही म्हणून पंख्याला नावं ठेवतात.

तळाला भोकं पाडायला माझा विरोधच आहे. ट्रॅक धूळ, गवत, ओली माती नेमकी तिथेच उडवतात. ट्रॅकच्या वर बाजूला येणाऱ्या पट्ट्यांच्या खालची जागाही तशीच. मी टरेटचा, म्हणजे तोफेच्या फिरत्या मनोऱ्याचा, आधार घेतो. टरेट ज्या कड्यावर फिरतो त्याच्या आतली जागा मोठी, वरून झाकलेली, आणि टरेटच्या झडपांमधून, तोफेच्या मुळाशी असलेल्या फटीतून हवा सहज येते. बोर्डाच्या वायरी तिथूनच जातात, तेवढ्या बांधून बाजूला घ्या. चालक आणि रेडिओवाल्याची पुढची दोन झाकणं उघडी दाखवली, आत जाळी आणि वर एखादा अर्धा बाहेर आलेला सैनिक, तर मोटरींच्या थेट डोक्यावर वाट मिळते आणि कुणाला कळतही नाही. टायगरला मला हीच जागा सर्वांत आवडते.

एक चूक मात्र टाळा. पंख्याच्या अगदी शेजारी फट राहू देऊ नका. हवा आळशी असते, जवळची वाट सापडली की लांबची धरत नाही. डेक आणि बॉडीच्या सांध्यात, पंख्याच्या चौकटीभोवती फोमची चिकटपट्टी लावून बंद करा. मग उदबत्ती पेटवून धूर पुढच्या झाकणाशी धरा. धूर आत खेचला जाऊन काही क्षणांनी मागच्या जाळीतून वर निघाला तर झालं. टरेटच्या मागच्या कडेला, पंख्याजवळ धरल्यावर तिथेच भसाभस आत जात असेल तर ती फट बुजवा. या एका उदबत्तीने मला जेवढं शिकवलंय तेवढं मीटरने नाही.

आता १२ व्होल्टचा पंखा का नको. ७.४ व्होल्टवर तो फिरतो, खरं आहे, पण साधारण साठ टक्के वेगाने. हवेचं प्रमाण वेगाच्या पटीत कमी होतं, आणि अडथळ्यातून हवा ढकलायचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत. साठ टक्के वेग म्हणजे छत्तीस टक्के दाब. जाळीतून ओढायची वेळ आली की तो नुसता शोभेला. शिवाय काही पंखे सात व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत. हे मी पदरमोड करून शिकलोय. माझ्या पहिल्या शेर्मनमध्ये असाच पंखा होता. भरलेल्या बॅटरीवर घरी तपासला, उत्तम चालला. मैदानात बॅटरी अर्धी झाल्यावर खटका बंद करून चालू केला तेव्हा पंखा जागचा हललाच नाही, आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज इतका मोठा की मला पत्ता नाही. वीस मिनिटांनी कळलं ते बोर्डाच्या धुराने. तेव्हापासून बाहेरच्या जाळीला आतून रेशमाचा एक छोटा धागा चिकटवतो. हलतोय म्हणजे पंखा चालू.

५ व्होल्टचा पंखा घ्या आणि त्याच्याआधी व्होल्टेज उतरवणारा छोटा बक कन्व्हर्टर लावा. बॅटरी ८.४ वर असो की ६.५ वर, पंख्याला कायम ५ मिळतात. ५ व्होल्टचा पंखा थेट लिपोला लावू नका, काही दिवस जोरात फिरेल आणि मग गाशा गुंडाळेल. दोन पंखे एकामागोमाग जोडून व्होल्टेज वाटून घ्यायची युक्तीही काही जण सांगतात. या पंख्यांच्या आत छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज समान वाटून घेईल याचा भरवसा नाही.

वीज कुठून घ्यायची, इथे खरे अपघात होतात. मोटरच्या वायरींवरून घेऊ नका: तिथे व्होल्टेज तुकड्या-तुकड्याने येतो आणि गाडी मागे घेतली की उलटा होतो. लिपोच्या चार्जिंगच्या पांढऱ्या बारीक कनेक्टरवरून एकाच सेलचे ३.७ व्होल्ट घेणारेही मी पाहिलेत. मग एक सेल आधी रिकामी होते, दुसरी भरलेली राहते, आणि पुढच्या चार्जिंगला असमतोल बॅटरी हातात येते. मुख्य खटक्याच्या पुढे, बोर्डाला जाणाऱ्या वायरीवरून घ्या, मध्ये अर्ध्या किंवा एक अँपिअरचा फ्यूज टाका. छोटा पंखा ०.१ ते ०.२ अँपिअर खातो, त्याला एवढा फ्यूज भरपूर. खटक्याच्या पुढे हे यासाठी, की बोर्डाने कमी व्होल्टेजला मोटरी बंद केल्या तरी पंखा चालूच राहतो. खटका बंद करायला विसरलात तर तो रात्रभरात लिपो सेलमागे ३ व्होल्टच्या खाली नेऊन ठेवील, आणि ती बॅटरी गेली. यावर बायमेटलचा छोटा तापखटका लावता येतो, ४५ अंशांना जोडणारा. तो मोटरीजवळ चिकटवला की गरज असेल तेव्हाच पंखा फिरतो आणि गाडी थांबल्यावरही मोटरी निवेपर्यंत फिरत राहतो. मात्र घेताना गार असताना उघडा असणारा घ्या. दिसायला अगदी सारखा, पण उलट वागणारा प्रकारही मिळतो. लायटरची ज्योत दुरून दाखवून मल्टिमीटरवर आधीच तपासा.

लाल वायर धन, काळी ऋण. उलटी जोडली तर हे पंखे उलटे फिरत नाहीत, फिरतच नाहीत. पिवळी तिसरी वायर असेल तर ती वेग मोजायची, तिला मोकळं सोडून टोकाला नळी चढवा. हवा ज्या बाजूला आडवे दांडे आणि स्टिकर असतो त्या बाजूने बाहेर पडते. म्हणजे तुमच्या गाडीत स्टिकर वर, जाळीकडे. कागदाचा कपटा धरून एकदा बघून घ्याच. पंखा जोडल्यावर स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू आली तर पंख्याच्या वायरींना पीळ द्या, कन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकाला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि अँटेना लांब न्या.

पंखा आडवा, पाठीवर झोपलेला असणार आहे, त्यामुळे बॉल बेअरिंगचा घ्या. साध्या बुशचा पंखा त्या अवस्थेत आणि त्या उष्णतेत लवकर घरघरायला लागतो. चौकट स्क्रूने थेट प्लास्टिकला आवळू नका, मध्ये रबराच्या चकत्या घाला, नाहीतर सगळी बॉडी ढोलकीसारखी घुमते. भोक कापायच्या आधी बोर्ड, बॅटरी, मोटरी सगळं बाहेर काढा. मोटरींचं सांगतो ते विशेष: धातूचा एखादा कीस उडाला की चुंबक तो बोलावून घेतं आणि तो थेट ब्रशपर्यंत जातो. ड्रिल सावकाश चालवा, घाई केलीत तर प्लास्टिक कापलं न जाता वितळून पात्याला चिकटतं. कड शेवटी कानशीने.

एवढं करून मोटरी गारठल्या पण बोर्ड तरीही थांबवत असेल, तर बोर्डाच्या हीटसिंकवर २५ किंवा ३० मिलिमीटरचा वेगळा पंखा थेट लावा. एका अंगुळावरून थेट मारलेली हवा, सबंध डब्यातून हळू फिरणाऱ्या हवेपेक्षा त्या एका जागेला कितीतरी जास्त थंड करते. पण तो आतल्याच हवेवर चालतो, म्हणून मागचा पंखा आधी, हा नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्यांच्या गाड्याच माझ्याकडे जास्त येतात.

धुराच्या यंत्राबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण टायगर म्हटल्यावर ते असणारच. त्याची नळी मागे बाहेर निघते. तुमचा पंखा त्याच्या शेजारीच ओढायला लागला की नळीच्या सांध्यातून निसटलेला तेलकट धूर आतून फिरून पंख्यातून जाणार. पात्यांवर तेलाचा थर, त्यावर धूळ, दोन महिन्यांत पंखा केसाळ. नळीचा सांधा सिलिकॉनने नीट बंद करा. ते जमत नसेल तर यंत्राची वायर काढून ठेवा. त्याच्या तापणाऱ्या तारेचे काही वॅटही वाचतील.

आणि ऊन. भर दुपारी चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं. तुमच्या गाडीचा वरचा भाग जवळजवळ ०.०९ चौरस मीटर, म्हणजे ९० वॅटपर्यंत, आणि रंग गडद करडा. त्यातलं सगळं आत जात नाही, पण मोटरींच्या २० वॅटच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. खेळ थांबवला की गाडी सावलीत ठेवा, झाकण उघडा, पंखा दोन मिनिटं चालू राहू द्या. मोटरींच्या पोटातली उष्णता थांबल्यावरच बाहेरच्या डब्यापर्यंत पोचते, म्हणून थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत डबा सर्वांत गरम लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आधी ट्रॅक सैल करून, चाकं साफ करून दहा मिनिटं चालवा आणि तीन आकडे कळवा: थांबताना बॅटरीचा व्होल्टेज, टेप लावून मोजलेलं दोन्ही मोटरींचं तापमान, आणि बोर्डाच्या हीटसिंकचं. एका मोटरीचं तापमान दुसरीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त निघालं तर पंख्याची ऑर्डर थांबवा, त्या बाजूच्या गिअरबॉक्सचे स्क्रू आधी उघडा.